जुना फ्रेंच जलरंग: मुखवटेवाली बाई कोण, आणि तिच्या वस्त्राचा रंग उडालाय का?

शमिका_र (सोमवार, रात्री ९.४०)

जाणकारांची मदत हवी आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला म्हणून सांगितला गेलेला एक फ्रेंच जलरंग समोर आहे. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खिडकीतून दिसणारा भाग ४६ × ३१ सें.मी. सही कुठेच नाही.

दगडी चौथऱ्यावर बसलेली बाई, मागे अर्धी कमान आणि फिकट आकाश. केस काळे, मोकळे, जरा विस्कटलेले. गळ्याशी झिरझिरीत फडकं सैल पडलंय. छातीपाशी छोटा मुखवटा. डाव्या हातात बारीक दांडा, पण तो माउंटच्या कडेखाली जातो, त्यामुळे टोक दिसत नाही. मला ती खंजिराची मूठ वाटते. म्हणून माझा तर्क असा की ही मेल्पोमेनी, शोकांतिकेची अधिष्ठात्री.

खरी अडचण वस्त्राची आहे. गुडघ्यावर ते गुलाबी दिसतं आणि घडीत सरळ हिरवं. मूळ रंग एकच असून जागोजागी उडाला असावा अशी शंका येते. उडाला असेल तर पुढचं नुकसान कसं थांबवायचं? आणि बाई कोण, हे नक्की कसं ठरवायचं?

जुनाकागद (सोमवार, रात्री १०.१५)

बाई कोण ते नंतर पाहू. आधी हा हाताने केलेला जलरंग आहे की छापील, हे ठरवा. त्या काळात पॅरिसमध्ये क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली रंगीत चित्रं, इतके सफाईदार निघत की काचेमागून भले भले फसतात.

१० पट भिंग घ्या आणि दिवा बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरा. क्रोमोलिथोग्राफमध्ये गालावर वेगवेगळ्या रंगांचे सुटे ठिपके एकमेकांवर बसलेले दिसतात आणि आकृतीच्या कडेला एखादा रंग केसभर सरकलेला असतो. ठिपके ओळीत, समान अंतरावर असतील तर ती हाफटोन छपाई, म्हणजे शतकाच्या अगदी शेवटची किंवा नंतरची. किड्यांनी कोरल्यासारखी बारीक वळवळती नक्षी दिसली तर कोलोटाइप. तो प्रकार सगळ्यात फसवा, कारण त्यावर पुष्कळदा हाताने रंग चढवलेला असतो.

खऱ्या जलरंगात रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत साचतात आणि वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, जिथे सुकत थांबला तिथे एक गडद कड राहते. ती कड छापून आणणं अवघड. शिवाय पेन्सिलीची रेघ बाजूच्या प्रकाशात चरासारखी दिसते.

टिंबटिंब (सोमवार, रात्री १०.२२)

मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने चालेल का? घरात भिंग सगळ्यांकडे नसतं.

जुनाकागद (सोमवार, रात्री १०.३१)

चालेल. फक्त फ्लॅश बंद ठेवा. काचेवरून प्रकाश परत आला की पोत दिसतच नाही.

शमिका_र (मंगळवार, सकाळी ८.०५)

पाहिलं. सुटे रंगीत ठिपके नाहीत. आकाशाच्या वॉशला खालच्या बाजूला गडद कड आहे. खांद्याच्या बाहेर पेन्सिलीची एक रेघ राहून गेली आहे, म्हणजे खांदा आधी थोडा रुंद काढला होता. गालावर मात्र टोकदार कुंचल्याचे अगदी बारीक ठिपके आहेत, आणि ते गालाच्या गोलाईने वळत जातात. हे कसले?

कुंचला_कोप (मंगळवार, सकाळी ९.१२)

ते ठिपके म्हणजे हाताने केलेल्या कामाची खूण. हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रं करणाऱ्यांची ही पद्धत होती, तीच पुढे जलरंगातल्या कांतीसाठी वापरली गेली. छापील ठिपका सगळीकडे सारखा असतो. हातातला ठिपका रंग संपत आला की फिका होतो आणि आकाराच्या दिशेने लांबट होतो.

अकादमिक पद्धतीत अशी आकृती एका बैठकीत होत नसे. मॉडेल बसवून वेगळ्या कागदावर कोळशात किंवा पेन्सिलीत अभ्यास करायचा. त्यावर पारदर्शक कागद ठेवून फक्त बाह्यरेषा उचलायची. त्या कागदाच्या पाठीला ग्रॅफाइट किंवा गेरूची पूड चोळून रेषा अंतिम कागदावर उतरवायची. आकार वाढवायचा असेल तर चौकटी आखून. अंतिम कागदावर खोडरबर जितका कमी फिरेल तितकं बरं. रबराने कागदावरची सरस निघते आणि पुढे नेमक्या त्याच जागी वॉश डाग धरतो. म्हणून तर आधीचं सगळं काम दुसऱ्या कागदावर. शमिका, तुमच्या चित्रातली खांद्याबाहेरची रेघ खोडलेली नाही, त्याचं कारण हेच असणार.

कागद पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायचा, फळीवर सरळ अंथरायचा, चारी कडा सरसाने चिकटवायच्या आणि फळी आडवी ठेवूनच सुकू द्यायचा. उभी ठेवली की पाणी खाली उतरतं, एक बाजू आधी ताणली जाते आणि कोपरा सुटतो. पाणी गारच हवं, गरम पाण्यात जिलेटिनची सरस विरघळते.

कांतीसाठी पहिला हात पिवळी गेरू आणि चिमूटभर व्हर्मिलियन, पंधरा-वीस पट पाण्यात. व्हर्मिलियन जड असतो, वाटीच्या तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक वेळी कुंचला बुडवताना ढवळावं लागतं. नाहीतर कपाळ पिवळं आणि हनुवटी लाल होते. चमकेल ती जागा कोरी सोडायची. हा हात पूर्ण सुकल्यावर सावलीचा थंड हात, हिरवी माती किंवा कोबाल्ट निळ्यात थोडा लाल गेरू. मग गाल, ओठ, कानाची पाळी, बोटांची पेरं इथे मॅडरचा, म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा, गुलाबी. शेवटी दोन किंवा तीन नंबरच्या कुंचल्याने, जवळजवळ कोरड्या टोकाने, ठिपके. दोन हातांच्या मधली कड मोडायची एवढंच त्यांचं काम. इथे लोक चुकतात ते घाईने. खालचा हात दमट असताना ठिपका दिला की तो पसरून फुलासारखा डाग होतो, आणि तो डाग पुसायला गेलं की कागदाचे तंतू उठतात.

गडद जागी, केसांत वगैरे, बाभळीचा डिंक मिसळत. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर ठेवून फडक्यातून गाळलेला. त्याने काळ्या रंगाला खोली येते. जास्त झाला तर चकाकतो आणि काही वर्षांनी तडकतो. शमिका, केसांत चकाकणारे पट्टे दिसतात का?

शमिका_र (मंगळवार, सकाळी ९.४०)

दिसतात. डाव्या कानामागे एक, आणि तिथे बारीक तडे आहेत.

पारगावकर (मंगळवार, दुपारी १.१८)

कुंचला, प्रतिसाद फार उपयोगी. पण तुम्ही वापरलेल्या ‘अकादमिक’ शब्दाबद्दल थोडं. हा शब्द आपण ‘जुनं, गुळगुळीत’ अशा अर्थाने सरसकट वापरतो. फ्रान्समध्ये त्यामागे ठराविक शिक्षण होतं. आधी छापील चित्रांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, त्यानंतर जिवंत मॉडेल. शार्ल बार्ग आणि जेरोम या चित्रकारांचा चित्रांकनाचा पाठ १८६६ ते १८७१ या काळात निघाला, तो याच क्रमाचा. एकोल दे बोझार्त या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत स्त्रियांना प्रवेश १८९७ सालापर्यंत नव्हता, त्या अकादमी जूलियांसारख्या खाजगी ठिकाणी शिकत. म्हणजे सही नसलेलं चित्र पुरुषाचंच असेल असं धरून चालू नये. त्या काळात जलरंग करणाऱ्या, प्रशिक्षित स्त्रिया पुष्कळ होत्या.

आणि जलरंगाला स्वतःचा मान होता. फ्रेंच जलरंगकारांची संस्था १८७९ साली निघाली, तिची प्रदर्शनं पॅरिसमध्ये भरत. त्यामुळे हे तैलचित्राचं कच्चं काम असेल असंही गृहीत धरू नका. कच्च्या कामात ठिपके मारत कोण बसेल?

मेघदूत_ना (मंगळवार, दुपारी ३.०२)

बाईकडे वळतो. कलादेवता म्हणजे ग्रीक पुराणातल्या म्यूझ, आणि रूपक म्हणजे एखाद्या कल्पनेला दिलेलं शरीर. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर गोंधळ होतो.

म्यूझ नऊ, त्यांना नावं आणि ठरलेल्या वस्तू. मेल्पोमेनीकडे शोकांतिकेचा मुखवटा, खंजीर किंवा गदा, पायात उंच तळव्याचे बूट, डोक्यावर बहुधा द्राक्षवेल. थालियाकडे हसरा मुखवटा आणि मेंढपाळाची काठी. क्लिओकडे गुंडाळी, युरेनियाकडे गोल.

रूपकांची यादी मात्र कितीही लांबते, आणि तिचा कोश आहे. चेझारे रिपाचा ‘इकोनोलोजिया’, रोममध्ये १५९३ साली छापला, १६०३ मध्ये चित्रांसह. फ्रेंचमध्ये तो १६३६ पासून बोदुआँच्या अनुवादात आला. नंतर १८व्या शतकाच्या अखेरीस ग्रावलो आणि कोशँ यांनी फ्रेंच चवीचा नवा संच काढला. कुठल्या कल्पनेच्या हातात काय द्यायचं, वस्त्र कुठल्या रंगाचं, केस बांधलेले की मोकळे, हे रिपा शब्दाशब्दाने सांगतो. १९व्या शतकातले चित्रकार त्यातलं थोडं घेत, थोडं गाळत. म्हणून एका वस्तूवरून निकाल देऊ नये. मुखवटा मेल्पोमेनीकडे असतो, थालियाकडे असतो, फसवणुकीच्या रूपकाकडे असतो, आणखीही काही जणींकडे असतो. किमान तीन खुणा जुळायला हव्यात.

रानजाई (मंगळवार, दुपारी ३.४७)

या सगळ्या कल्पना बाईच का असतात? पुरुषाचं रूपक क्वचितच दिसतं.

मेघदूत_ना (मंगळवार, दुपारी ४.२०)

मुख्य कारण व्याकरणाचं आहे. लॅटिन आणि फ्रेंचमध्ये बहुतेक भाववाचक नामं स्त्रीलिंगी. सत्य, न्याय, स्वातंत्र्य, प्रजासत्ताक, सगळ्या ‘ती’. १८४८ साली फ्रान्सच्या हंगामी सरकारने प्रजासत्ताकाच्या चित्रासाठी स्पर्धा घेतली, त्यात दोमिए आणि जेरोम या दोन्ही चित्रकारांनी बाईच काढली. उलटं उदाहरण १८७६ पासूनच्या फ्रेंच टपाल तिकिटावर आहे, झ्यूल साजचं ‘शांतता आणि व्यापार’. फ्रेंचमध्ये शांतता स्त्रीलिंगी म्हणून बाई, व्यापार पुल्लिंगी म्हणून पुरुष, तोही मर्क्युरी.

मराठीत सत्य आणि स्वातंत्र्य नपुंसकलिंगी, न्याय पुल्लिंगी. म्हणून आपल्याला डोळ्यावर पट्टी बांधलेल्या त्या मूर्तीला ‘न्यायदेवता’ म्हणावं लागतं. ‘देवता’ जोडलं की मगच तो न्याय बाई होतो.

काळाघोडा_वासी (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

वा, हे कधी लक्षात आलं नव्हतं. मुंबईत याची उदाहरणं रस्त्यावर उभी आहेत. सीएसएमटीच्या मधल्या घुमटावर प्रगतीचा स्त्रीपुतळा आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. काम इंग्रजांचं, पण खुणांची भाषा तीच. आणि प्रगती मराठीतही स्त्रीलिंगी, तिथे ‘देवता’ जोडावी लागत नाही. फ्लोरा फाउंटनवरची फ्लोरा मात्र रूपक नव्हे, ती रोमन फुलांची देवी.

रानजाई (मंगळवार, सायंकाळी ६.५५)

कुंचला यांच्या एका मुद्द्याशी असहमत. ‘चमकेल ती जागा कोरी सोडायची’ हा नियम इंग्रजी पारदर्शक जलरंगाचा. फ्रेंच लोक पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, बिनदिक्कत लावत. फ्रेंच चित्रकार गुस्ताव मोरोचा ‘दर्शन’ हा जलरंग १८७६ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनात, होता, १०६ × ७२ सें.मी. एवढा मोठा. त्यात पारदर्शक रंग, अपारदर्शक रंग, खरवडणं, सगळं एकत्र आहे. त्याला काय जलरंग म्हणायचं नाही?

कुंचला_कोप (मंगळवार, रात्री ८.३०)

म्हणायचं, नक्कीच. पण कुठे लावला हे बघा. कांतीवर गुआश पसरला की त्वचा खडूसारखी होते, कारण कागदावरून परत येणारा उजेड अडतो. जलरंगातल्या कांतीचा जिवंतपणा त्या परत येणाऱ्या उजेडाचाच असतो. म्हणून चांगला हात कांती पारदर्शक ठेवतो आणि गुआशचा ठिपका मोती, डोळ्यातली चमक, जरीची कड अशा जागी, अगदी शेवटी देतो. मोरोच्या चित्रातही अपारदर्शक रंगाचा भर दागिने आणि वास्तू यांवर आहे. आपण एकाच गोष्टीबद्दल दोन टोकांनी बोलतोय.

पारगावकर (मंगळवार, रात्री ९.०५)

थोडं अवांतर, पण मोरो निघालाच आहे म्हणून. १८७९ पासून त्याने ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या नीतिकथांवर जलरंग केले, एकूण ६४. मार्सेयच्या आंतोनी रू या संग्राहकासाठी. पुढे ते रॉथशिल्ड कुटुंबाकडे गेले आणि नाझी काळात जवळजवळ निम्मे नाहीसे झाले. ला फोंतेनने १६७८ च्या दुसऱ्या संग्रहात कबूल केलंय की यातल्या बऱ्याच कथा पिल्पे या भारतीय ज्ञान्याच्या आहेत. पिल्पे म्हणजे अरबी-फारसीतून फिरत गेलेलं आपलं पंचतंत्र. म्हणजे करटक-दमनकाच्या गोतावळ्यातल्या गोष्टी पॅरिसमध्ये जलरंगात उतरल्या. त्या हरवलेल्या जलरंगांबद्दल वाचताना जीव तुटतो.

मनवा (मंगळवार, रात्री ९.३०)

धागा वाचनखुणेत टाकला. वस्त्राच्या रंगाचं काय झालं पण?

जुनाकागद (मंगळवार, रात्री ११.००)

तेच लिहायला बसलो. थोडं लांबेल.

उडणारे रंग ठरलेले आहेत. कोचिनील किड्यांपासूनचा लाल कार्माइन सगळ्यात आधी जातो. मॅडरचा गुलाबी त्याच्यापेक्षा पुष्कळ टिकतो, पण पातळ हातात तोही फिकटतो. १८६८ नंतर कृत्रिम अलिझारिन, म्हणजे मॅडरमधलंच रंगद्रव्य पण कारखान्यात केलेलं, आलं. हिरव्यात तेव्हा तीन वाटा होत्या. प्रशियन निळा आणि गॅम्बोज हा झाडाच्या चिकाचा पिवळा यांचं मिश्रण: गॅम्बोज उडतो आणि हिरवा निळसर होत जातो. एमराल्ड ग्रीन: यात तांबं आणि आर्सेनिक, गंधकयुक्त रंगाशी किंवा हवेतल्या गंधकवायूशी संबंध आला की तपकिरी-काळा पडतो. तिसरा व्हिरिडियन, १८५९ मध्ये गिन्येने पेटंट घेतलेला, तो बदलत नाही.

आता विचार करा. गुलाबी रंग उडून हिरवा होत नाही. जांभळ्यातला कार्माइन उडाला तर निळं उरतं. हिरव्यातला पिवळा उडाला तर तेही निळं. गुलाबीच्या जागी हिरवं उरायचं असेल तर गुलाबीखाली आधीच हिरवा हात असायला हवा, आणि मग तो कांतीजवळ कुठेतरी डोकावला असता.

दुसरी गोष्ट, प्रकाशाने उडालेला रंग घडीला ओळखत नाही. तो उडतो तो चित्राच्या अख्ख्या उघड्या भागात, आणि माउंटची कड जिथे झाकते तिथे थांबतो, पट्टीने आखल्यासारखा. शमिकांच्या वर्णनात गुलाबी आणि हिरवा घडीबरहुकूम बदलतात. म्हणून मला हे उडणं वाटत नाही. खात्री एकाच ठिकाणी होईल, माउंटखाली झाकलेल्या पट्टीत. तिथे वस्त्राचा भाग जात असेल तर तो १००-१५० वर्षं अंधारात राहिलेला नमुना आहे.

अतिनील टॉर्च असेल, ३६५ नॅनोमीटरचा, तर अंधारात अर्धा मिनिट टाका, डोळ्यांवर संरक्षक चष्मा ठेवून. नैसर्गिक मॅडर नारिंगी चमकतो, कृत्रिम अलिझारिन जवळजवळ नाही. झिंक व्हाइट पिवळट-हिरवट उजळतो. कागदच निळसर-पांढरा झगझगला तर तो १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा, मग जुनेपणाचा विषय संपला.

पांढऱ्या ठिपक्यांपैकी एखादा करडा-काळा पडलाय का तेही बघा. तसा असेल तर तिथे शिशाचा पांढरा आहे, गॅसच्या दिव्यांच्या धुराने काळवंडतो. तो उपचाराने परत पांढरा होतो, पण ते काम संवर्धकाचंच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. घरी हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

शमिका_र (बुधवार, सकाळी ७.५०)

टॉर्चखाली गालावरचा आणि गुडघ्यावरचा गुलाबी नारिंगी चमकला. कागद मंद, पिवळट. गळ्यातल्या कडीवरचे तीन पांढरे ठिपके हिरवट उजळले, काळं काही नाही. माउंट काढायचं धाडस करू का? मागे तपकिरी कागद आणि खिळे आहेत.

जुनाकागद (बुधवार, सकाळी ८.२५)

काढा, पण सावकाश. हात धुऊन पूर्ण कोरडे. हिरव्याचा पत्ता लागेपर्यंत रंगाला बोट लावायचं नाही, एमराल्ड असेल तर त्यात आर्सेनिक आहे. फ्रेम उपडी, खाली स्वच्छ फडकं. मागचा कागद सुरीने कापण्याआधी त्यावर शिक्का, चिठ्ठी, काही लिहिलेलं असेल तर फोटो घ्या आणि तो तुकडा जपून ठेवा. खिळे उपटू नका, सपाट पकडीने बाजूला वाकवा. पाठीला लाकडाची फळी असेल तर ती आम्लयुक्त असते, तिच्या फटींच्या रेषा कागदावर तपकिरी उमटलेल्या दिसतील.

चित्र माउंटला कुठे चिकटलंय ते आधी बघा. चारी बाजूंनी चिकटवलेलं असेल तर तिथेच थांबा. फक्त वरून असेल तर माउंट दारासारखा उघडेल. उघडला नाही तर ओढायचं नाही. आणि हे काम पावसाळी हवेत नको. दमट कागद मऊ असतो, कोपरा दुमडतो तो कायमचा.

मेघदूत_ना (बुधवार, सकाळी ९.००)

शमिका, ‘गळ्यातल्या कडीवरचे ठिपके’ म्हणालात. कुठली कडी? आणि मुखवटा नेमका कुठे आहे? तुम्ही ‘छातीपाशी’ लिहिलं होतं. हातात धरलाय, मांडीवर आहे, की लटकतोय?

शमिका_र (बुधवार, सकाळी ९.३३)

लटकतोय. पिवळी बारीक साखळी गळ्यातून येते आणि मुखवटा तिला अडकवलाय, लोलकासारखा. सुपारीएवढा. चेहरा ना रडका ना हसरा.

मेघदूत_ना (बुधवार, सकाळी ९.५१)

मग मेल्पोमेनी नाही! शोकांतिकेचा मुखवटा नटाने चेहऱ्यावर चढवायचा, तो खऱ्या चेहऱ्याएवढा असतो आणि हातात किंवा पायाशी दाखवतात. गळ्यात सोन्याची साखळी आणि तिला लटकलेला मुखवटा ही रिपाने चित्रकलेला दिलेली खूण. मुखवट्यावर ‘अनुकरण’ असा शब्द असतो. केस काळे, दाट, विस्कटलेले, कारण चित्रकाराचं मन सतत कल्पनेत गुंतलेलं. तोंडावर फडकं बांधलेलं, कारण चित्र मुकं असतं. आणि वस्त्र, नीट वाचा, रंग बदलणारं!

म्हणजे धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा, पैठणीत असतो तसा. कापड उजेडाकडे वळलं की एक रंग, वळण घेतलं की दुसरा. तो गुलाबी-हिरवा रंग उडालेला नाही, चित्रकाराने मुद्दाम घातलाय. तीच तिची ओळख आहे.

मनवा (बुधवार, सकाळी १०.०४)

अंगावर काटा आला वाचताना.

रानजाई (बुधवार, सकाळी ११.२०)

छान जुळतंय, पण तोंडावर फडकं कुठे आहे? गळ्याशी सैल पडलंय म्हणाल्या शमिका. ते नुसतं उपरणं असू शकतं. आणि हातातला खंजीर?

मेघदूत_ना (बुधवार, दुपारी १२.१५)

शंका रास्त आहे. तोंड झाकलं की चेहरा जातो, म्हणून बरेच चित्रकार ते गाळतात. आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीने १६३८-३९ च्या सुमारास स्वतःलाच चित्रकलेच्या रूपात रंगवलं, त्यात साखळी आहे, मुखवटा आहे, विस्कटलेले केस आहेत, धूपछाव बाह्या आहेत, तोंडाला पट्टी नाही. इथे फडकं खाली ओढून गळ्याशी ठेवलंय. हा मधला मार्ग असावा, पण एवढ्यावरून पैज लावणार नाही. दांड्याचं टोक काय आहे ते कळलं तर निकाल लागेल.

कुंचला_कोप (बुधवार, दुपारी १२.४०)

धूपछाव रंगवायची रीतही सांगतो, म्हणजे माउंट उघडल्यावर तपासता येईल. साध्या वस्त्रात सावली म्हणजे त्याच रंगाचा गडद हात. धूपछावमध्ये तसं केलं की ते मळकं दिसतं. तिथे उजेडाचा भाग गुलाबीने आणि सावलीचा भाग हिरव्याने, दोन्ही कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी लावतात. मध्ये अगदी बारीक पट्टा राखाडी पडतो, कारण ते दोन रंग एकमेकांना मारतात. दोन्ही हात ओले असताना भिडले तर तो पट्टा चिखल होतो, म्हणून गुलाबी पूर्ण सुकल्यावरच हिरवा. भिंगाखाली हिरव्याची कड गुलाबीवर किंचित चढलेली दिसायला हवी.

शमिका_र (गुरुवार, सायंकाळी ५.४५)

उघडलं. आज हवा कोरडी होती. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी चिकटवलेलं होतं, माउंट सहज उचलला गेला. खिडकीच्या कडेने चारी बाजूंना तपकिरी रेघ उमटली आहे.

डावीकडे साधारण दीड सें.मी. झाकलेला भाग होता. तिथे वस्त्राची एक घडी जाते. गुलाबी तिथेही गुलाबी, बाहेरच्यापेक्षा किंचित गडद. हिरवा अगदी तसाच. आणि भिंगाखाली हिरव्याची कड गुलाबीवर चढलेली आहे, दोन्हींच्या मध्ये करडा दोरा.

दांड्याच्या टोकाला पातं नाही. गोल बोंड आहे, चामडं गुंडाळून दोऱ्याने आवळल्यासारखं. दोऱ्याचे वेढे मोजता येतात, चार.

कुंचला_कोप (गुरुवार, सायंकाळी ५.५८)

हात टेकवायची काठी! बारीक काम करताना मनगट ओल्या रंगाला लागू नये म्हणून चित्रकार ती फलकावर तिरकी टेकवतात. बोंडावर चामडं अशासाठी की कॅनव्हासला चरा पडू नये.

रानजाई (गुरुवार, सायंकाळी ६.०५)

मान्य. चित्रकलाच.

जुनाकागद (गुरुवार, रात्री ८.३०)

गुलाबी झाकलेल्या भागात किंचित गडद आहे, म्हणजे थोडा फिकटलाय. तिकडे दुर्लक्ष नको. उजेड ५० लक्सच्या आत ठेवा, खिडकीसमोरची भिंत नको, अतिनील किरण अडवणारी काच घ्या. ती तपकिरी रेघ आम्लयुक्त माउंटची. जुना माउंट परत वापरू नका, पूर्ण सुती कापसाचा घ्या, आणि यावेळी खिडकी दीड सें.मी. जास्त रुंद कापून घ्या म्हणजे काठी दिसेल. काच आणि कागद यांत तीन-चार मि.मी. पोकळी हवी. पावसात काचेच्या आत दव धरतं आणि कागद काचेला चिकटतो. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल तिथूनच येते, मग बुरशी आणि कसर.

चिकटवायला सेलोटेप, फेव्हिकॉल काही नको. गव्हाच्या सत्त्वाची खळ. एक भाग सत्त्व, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत. गार झाली की बारीक चाळणीतून दोनदा काढायची, सायीसारखी पातळ करायची. मैदा नको, त्यातला चिकट भाग पिवळा पडतो आणि किडे बोलावतो. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, फाडलेल्या, कापलेल्या नव्हेत. चित्राच्या पाठीला वरच्या कडेने फक्त तीन-चार मि.मी. चिकटवायच्या आणि टिपकागदात घालून तासभर वजनाखाली.

शमिका_र (गुरुवार, रात्री ९.१०)

खळ किती दिवस टिकते? माउंट रविवारी मिळणार आहे.

जुनाकागद (गुरुवार, रात्री ९.१४)

फ्रीजमध्ये चार दिवस. वास आला किंवा पाणी सुटलं की टाकून द्या आणि नवी करा. शनिवारी रात्री केलीत तर बरं.